‘प्लीज, एवढा फॉर्म भरा’: पदवीच्या वर्गातलं समाजसंशोधन कसं होतं आणि कुठे फसतं

परीक्षेचे दिवस जवळ आले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक ठरावीक निरोप फिरायला लागतो. ‘माझ्या प्रोजेक्टसाठी सर्वेक्षण आहे, फक्त दोन मिनिटं लागतील, प्लीज पुढे पाठवा.’ सोबत गुगल फॉर्मची लिंक. सोसायटीचा गट, नात्यातला गट, आईच्या भिशीचा गट, सगळीकडे तीच लिंक. उघडली की वर विषय दिसतो: ‘समाजमाध्यमांचा तरुणांच्या मानसिक आरोग्यावर होणारा परिणाम’. भिशीच्या गटातल्या पन्नाशीच्या काकूही मोठ्या मायेनं तो फॉर्म भरतात. शेवटी शे-दीडशे उत्तरं जमतात, रंगीत गोल आलेख छापले जातात, बायंडिंग होतं आणि अहवाल कपाटात जातो.

पालकांना यात मुलांचा वेळ वाया जाताना दिसतो. विद्यार्थ्यांना वाटतं, संशोधन म्हणजे असंच असतं. खरं तर पदवीचा विद्यार्थी माणसांच्या वागण्याबद्दल आणि आसपासच्या प्रश्नांबद्दल खरीखुरी नवी माहिती शोधून काढू शकतो. त्यासाठी पैसा लागत नाही आणि मोठी यंत्रणाही लागत नाही. लागतो तो एक लहानसा, नेमका प्रश्न, आणि आपलं उत्तर कुठपर्यंत खरं आहे हे सांगण्याचा प्रामाणिकपणा.

हे एवढं अचानक का वाढलं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे. महाराष्ट्रात ते २०२३ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४ मध्ये संलग्न महाविद्यालयांत लागू झालं. आता क्षेत्र प्रकल्प (फील्ड प्रोजेक्ट) हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. त्याला श्रेयांक असतात. श्रेयांक म्हणजे एखाद्या विषयाला किती काम लागतं त्याचं माप. क्षेत्रकामात एका श्रेयांकाला साधारण ३० तास धरतात. दोन श्रेयांकांचा प्रकल्प म्हणजे ६० तासांचं काम. चौथ्या वर्षाला ‘संशोधनासह ऑनर्स’ निवडायचं असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत, आणि संशोधन प्रकल्प १२ श्रेयांकांचा असतो.

म्हणजे आजवर एम.ए. किंवा पीएच.डी.ला भेटणारी गोष्ट आता विशीच्या आतच समोर येते. शिकवणाऱ्यांवरचा भार मोठा आहे आणि एकेका मार्गदर्शकाकडे बरेच विद्यार्थी असतात, त्यामुळे कोणत्या क्रमानं काय करायचं हे विद्यार्थ्याला स्वतःलाच ठाऊक असलेलं बरं.

विषय म्हणजे प्रश्न नव्हे

सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच बुडतात. ‘महिला सक्षमीकरण’, ‘शेतकरी आत्महत्या’, ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ हे विषय आहेत. यातल्या एकेकावर माणसं आयुष्य घालवतात. साठ तासांत विषय संपत नसतो, पण प्रश्नाचं उत्तर मिळू शकतं.

या लेखापुरता एकच प्रश्न धरून चालू: ‘आपल्या महाविद्यालयातल्या द्वितीय वर्ष कला शाखेच्या, घरून ये-जा करणाऱ्या मुला-मुलींचा सहामाही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घरकामात दिवसाला किती वेळ जातो?’ वाक्य लांबलचक आहे, पण कोण, कुठे, केव्हा आणि काय मोजायचं हे सगळं त्यात आहे. प्रश्न जमला आहे की नाही, याची एक साधी खूण आहे: तो वाचून डोळ्यांसमोर माहितीचा रिकामा तक्ता उभा राहायला हवा. ‘महिला सक्षमीकरण’ वाचून कोणता तक्ता उभा राहतो?

प्रश्न ठरला की आधी कुणी काय शोधलं आहे ते पाहायचं. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं आणि जनगणनेचे तक्तेही मोफत आहेत. घरकामाच्या बाबतीत तर आपल्याकडे फार मोलाची सरकारी पाहणी आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं दिसलं की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि ते काम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ च्या फेरीत हे आकडे २८९ आणि ८८ आले. देशाचं चित्र समोर आहे. परीक्षा तोंडावर असलेल्या आपल्या वर्गात काय घडतं, ते मात्र त्यात नाही. तेवढी रिकामी जागा एका पदवीच्या विद्यार्थ्याला पुरते.

मोजायचं कसं? ‘मी काही करत नाही, घरीच असते’

दारात उभं राहून एखाद्या बाईला ‘तुम्ही काय काम करता?’ असं विचारलं की बहुतेकदा उत्तर येतं, ‘काही नाही, घरीच असते.’ मागे कुकरच्या शिट्ट्या होत असतात, कडेवर मूल असतं, दळण आणायचं राहिलेलं असतं. ती बाई खोटं बोलत नसते. ‘काम’ या शब्दात तिनं स्वतःचं काम कधी धरलेलंच नसतं, कारण आजूबाजूच्या कुणीही ते धरलेलं नाही.

म्हणून ‘तुम्ही रोज किती तास घरकाम करता?’ हा प्रश्न कुचकामी आहे. माणूस अंदाजपंचे आकडा सांगतो, आणि वर ‘घरकाम’ कशाला म्हणायचं ते स्वतःच ठरवतो. एक मुलगा गाडी पुसणं त्यात धरेल, एक मुलगी धाकट्या भावाला न्हाऊ घालणंसुद्धा धरणार नाही. सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात यावर तोड काढलेली आहे: आदल्या दिवशी पहाटे ४ ते आज पहाटे ४ असे २४ तास घ्यायचे, त्यांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्यात काय केलं ते विचारायचं. ‘काम’ हा शब्द उच्चारायचाच नाही. ‘साडेपाचला काय करत होतीस? मग सहाला?’ पाणी भरलं, चहा ठेवला, भाकऱ्या थापल्या, आपोआप सगळं येतं. कशाला घरकाम म्हणायचं याची यादी आपण आधीच लिहून ठेवायची आणि सगळ्यांना तीच लावायची.

हीच पद्धत विद्यार्थी एका ए-४ कागदावर उतरवू शकतात. एका बाजूला २४ कप्पे, दुसऱ्या बाजूला २४. एकाची डायरी भरायला १५ ते २० मिनिटं लागतात. एक कामाचा दिवस आणि एक रविवार अशा दोन डायऱ्या घेतल्या तर चित्र बरंच स्पष्ट होतं.

डायरीऐवजी प्रश्नावलीच वापरायची असेल तर तिच्यातल्या चुका ओळखीच्या आहेत. ‘कॉलेजचं ग्रंथालय आणि कॅन्टीन चांगलं आहे का?’ यात दोन प्रश्न आहेत आणि उत्तराची जागा एकच. ‘मोबाइलच्या अतिवापरामुळे अभ्यासाचं नुकसान होतं असं तुम्हाला वाटतं का?’ यात उत्तर आधीच कोंबलेलं आहे. ‘कधी कधी’ आणि ‘बऱ्याचदा’ यांचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. त्यापेक्षा ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस?’ असं विचारावं.

इंग्रजीतून आणलेल्या प्रश्नावल्यांचं दुखणं आणखी वेगळं. त्यातल्या ‘डिप्रेशन’चं भाषांतर ‘नैराश्य’ असं होतं, पण बोलताना माणसं हा शब्द क्वचितच वापरतात. ती म्हणतात, ‘कशात मन लागत नाही’, ‘जिवाला घोर लागलाय’, ‘टेन्शन आलंय’. भाषांतर एकानं करावं, मग मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यावं आणि दोन्ही ताडून पाहावीत. जिथे अर्थ सरकला असेल तिथे शब्द बदलावा. शिवाय काही मापनपट्ट्यांवर स्वामित्वहक्क असतो. त्या परवानगीशिवाय छापता येत नाहीत.

खरं काम सुरू करण्याआधी आठ-दहा जणांवर प्रश्न वापरून पाहायचे. याला पथदर्शी चाचणी म्हणतात. उत्तर देताना माणूस कुठे थबकतो, कुठे ‘म्हणजे कसं?’ असं विचारतो, तिथे काहीतरी चुकलं आहे. हे आठ-दहा जण पुढे मुख्य अभ्यासात धरायचे नाहीत. घाईत हीच पायरी सगळ्यात आधी गाळली जाते, आणि मग शंभर फॉर्म भरून झाल्यावर कळतं की सातवा प्रश्न कुणालाच नीट समजला नव्हता.

शितावरून भाताची परीक्षा कधी करता येते?

सगळ्यांना विचारणं शक्य नसतं, म्हणून थोड्यांना विचारायचं. या थोड्यांना नमुना म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात सारखाच शिजतो. वरणाचं तसं नाही. न ढवळता वरचा डाव घेतला तर नुसतं पाणी हाती येतं, डाळ तळाशीच राहते. माणसांचा समाज वरणासारखा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला फॉर्म म्हणजे न ढवळता घेतलेला डाव. त्यात आपल्या ओळखीचे, आपल्यासारखेच, स्मार्टफोन आणि फुरसत असलेले लोक येतात. उत्तरं कितीही जास्त असोत, त्यानं हा दोष जात नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या आणि २० लाखांहून जास्त परत आल्या. त्यांवरून त्यांनी आल्फ्रेड लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात तेव्हा सत्तेवर असलेले फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार बाळगणारे लोक खाऊनपिऊन सुखी होते. त्यातही ज्यांना सरकारवर राग होता त्यांनी पत्रिका जास्त उत्साहानं परत पाठवल्या. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर ओळखला होता.

आपल्या उदाहरणात ढवळायचं कसं? कार्यालयातून हजेरीपटाची यादी घ्यायची. समजा, २४० विद्यार्थी आहेत आणि ६० हवेत. म्हणजे दर चौथा. १ ते ४ च्या चिठ्ठ्या करून एक उचलायची. ३ आला तर ३, ७, ११, १५ असे क्रमांक घ्यायचे. मुलं-मुली दोन्ही पुरेशा याव्यात म्हणून दोघांच्या याद्या वेगळ्या करून प्रत्येकीतून असंच निवडता येतं.

आता खरी मेख. निवडलेल्या ६० पैकी समजा १४ जण वर्गात सापडतच नाहीत. सोपा मार्ग म्हणजे समोर बसलेल्या दुसऱ्या चौदांना घ्यायचं. पण वर्गात नसलेली मुलगी कुठे आहे? ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर सोयाबीन काढणीला, कापूस वेचणीला, किंवा आई मजुरीला गेली म्हणून घरी लहान भावंडांजवळ. आपण घरकाम मोजायला निघालो आणि सगळ्यात जास्त घरकाम करणारीच नमुन्यातून निसटली! तिला गाठायचं: फोन करायचा, पुन्हा जायचं, किमान तीनदा प्रयत्न करायचा. तरी सापडली नाही तर अहवालात लिहायचं, ‘६० पैकी १४ जण भेटू शकले नाहीत, त्यातल्या ९ मुली होत्या.’ हे एक वाक्य दहा रंगीत आलेखांपेक्षा जास्त सांगून जातं.

‘साठ-सत्तर जणांवरून काय कळणार?’

हा आक्षेप तोंडी परीक्षेत हमखास येतो. पाठ्यपुस्तकांत ३८४ हा आकडा भेटतो. फार मोठ्या लोकसंख्येतून यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा, नमुना घेतला आणि उत्तर वर-खाली ५ टक्क्यांच्या आत हवं असेल तर तितकी माणसं लागतात. शंभर घेतली तर ही चूक साधारण १० टक्क्यांची होते. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. आणि एकूण विद्यार्थीच २४० असतील तर ५ टक्क्यांसाठी सुमारे १४८ पुरतात, ६० घेतले तर चूक साधारण ११ टक्क्यांची राहते.

तेव्हा उत्तर असं द्यायचं: साठ जणांवरून महाराष्ट्राबद्दल काहीही कळत नाही. या महाविद्यालयातल्या या वर्गाबद्दल ढोबळ अंदाज नक्की कळतो. मुलींची वेळ मुलांच्या तिप्पट निघाली तर असा मोठा फरक लहान नमुन्यातही उठून दिसतो. दोन-चार मिनिटांचा फरक दिसणार नाही, आणि त्यावर निष्कर्ष काढूही नये.

‘किती’ऐवजी ‘का’ आणि ‘कसं’ विचारायचं असेल तर आकड्यांचा हिशेबच बदलतो. तिथे आठ ते बारा सविस्तर मुलाखती बऱ्याचदा पुरतात. नव्या मुलाखतीत नवं काही यायचं थांबलं की थांबायचं. मात्र कष्ट कमी नाहीत. एका तासाचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. बोलीभाषा असेल, मागे टीव्ही चालू असेल, तर त्याहून जास्त. पंधरा मुलाखतींचं आश्वासन देण्याआधी हा गुणाकार करून बघावा.

‘नुसते प्रश्नच तर विचारतोय, कुणाचं काय जातं?’

बरंच काही जाऊ शकतं.

अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं पाहत ठेवलं गेलं, पेनिसिलिन हे औषध मिळू लागल्यानंतरसुद्धा. हे उघडकीला आल्यावर १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल आला. त्यात तीन तत्त्वं होती: माणसाच्या इच्छेचा मान, त्याचं भलं पाहणं आणि न्याय. मानसशास्त्रातही असे धडे आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून केलेला प्रयोग दोन आठवडे चालायचा होता. सहा दिवसांत थांबवावा लागला. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पदवीचा प्रकल्प यांच्यापुढे अगदी किरकोळ वाटतो, पण दुखावणारं माणूस तेच असतं.

जवळचं उदाहरण घेऊ. ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची नैराश्य तपासणारी यादी मोफत मिळते, म्हणून ती सर्रास गुगल फॉर्मवर टाकली जाते. तिचा नववा प्रश्न असा आहे की गेल्या दोन आठवड्यांत मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का. आता कल्पना करा, रात्री दोन वाजता कुणीतरी त्यावर ‘जवळजवळ रोज’ अशी खूण करतं. फॉर्म निनावी आहे. कुणी भरला ते कळत नाही. आठवड्यानं विद्यार्थी एक्सेल उघडतो, त्या ओळीत ३ हा आकडा दिसतो आणि तो सरासरीत मिळवला जातो. एका माणसानं आतलं सगळ्यात अवघड सांगितलं आणि पलीकडे ऐकणारं कुणीच नव्हतं. समुपदेशक सोबत नसेल तर पदवीच्या प्रकल्पात असा प्रश्न विचारूच नये. मनाच्या ताणाबद्दल इतर काही विचारणार असाल तरी फॉर्मच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ठळक असावा.

घरातल्या मारहाणीसारखा विषय असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची शिस्त पाहावी. तिथे हे प्रश्न एका घरातल्या एकाच स्त्रीला विचारतात, आणि पूर्ण एकांत मिळाला नाही तर विचारतच नाहीत. सासूबाई पडद्याआड असताना विचारलेला प्रश्न संध्याकाळी त्या बाईच्या अंगावर येऊ शकतो. विशीतल्या विद्यार्थ्यांनी हा विषय पीडित व्यक्तींकडून घेऊ नये, असंच माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी मदत करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांशी बोलावं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

संमतीपत्र हा सहीचा कागद नव्हे. आपण कोण, कशासाठी विचारतो, किती वेळ लागेल, उत्तर न देण्याची आणि मधेच थांबण्याची मुभा आहे, माहिती कुठे ठेवू आणि कधी नष्ट करू, एवढं साध्या मराठीत एका पानात हवं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना ते वाचून दाखवायचं आणि साक्षीदारासमोर तोंडी होकार घ्यायचा. वय १८ च्या आत असेल तर पालकांची परवानगी आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. प्रथम वर्षाच्या वर्गात सतरा वर्षांची मुलं असतातच, हे हमखास विसरलं जातं. आणि ‘सगळं गुप्त राहील’ असं सरसकट वचन देऊ नये. अल्पवयीन मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तो अपवाद आधीच सांगावा आणि असं काही कानावर आलं तर त्याच दिवशी मार्गदर्शकांना गाठावं.

जात विचारायची की नाही?

घरकाम, शिक्षण, लग्नाचं वय, नोकरी, कशाचाही अभ्यास केला तरी महाराष्ट्रात जातीचा धागा कुठेतरी लागतोच. न विचारता अभ्यास करणं म्हणजे डोळे मिटून घेणं. पण विश्लेषणात तिचं काय करणार हे ठरलं नसेल, तर केवळ फॉर्मवर रकाना असतो म्हणून विचारू नये. विचारायचीच तर शेवटी, ‘सांगायचं नाही’ या पर्यायासह, आणि लेखी. भर वर्गात, पंचवीस जण ऐकत असताना ‘कॅटेगरी काय?’ असं विचारणं हा अपमान आहे.

दुसरी बाजू कमी बोलली जाते. विचारणाऱ्यालाही आडनाव असतं. ते कळताच समोरचा माणूस काय बोलायचं आणि काय गिळायचं ते ठरवतो. मुलींना मासिक पाळीबद्दल मुलानं विचारलं तर जसं होतं, तसंच हे. कुणी कुणाला विचारलं याची नोंद ठेवली तर असा फरक नंतर तपासता तरी येतो.

आणि नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली, असं मुळीच नाही. चाळीस जणांच्या वर्गात ‘मुलगी, भूगोल विशेष, अमुक गाव, अमुक जमात’ एवढं लिहिलं की ती कोण हे सगळ्यांना कळतं. लहान जागेत गावाऐवजी तालुका लिहावा आणि चार-पाचपेक्षा कमी माणसांचा गट वेगळा दाखवू नये. नावांची यादी आणि उत्तरं वेगवेगळ्या फायलींत ठेवावीत, मधला दुवा फक्त क्रमांकाचा.

आकडे आले, आता?

समजा, दहा मुलांच्या डायरीत घरकामाची मिनिटं अशी आली: २०, ३०, ३०, ४०, ४५, ५०, ६०, ६०, ७५ आणि ५४०. सरासरी ९५ येते. पण दहापैकी नऊ जण ९५ च्या खालीच आहेत! एका मुलाचे ५४० सगळ्यांना वर ओढतात. अशा वेळी मध्यक घ्यावा, म्हणजे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारी किंमत. इथे ती ४७.५ आहे. आणि त्या ५४० वाल्या मुलाला वगळू नये, आधी त्याची डायरी पुन्हा वाचावी. कदाचित नोंद चुकली असेल. कदाचित आई आजारी असेल आणि घर तोच चालवत असेल. तसं असेल तर अभ्यासातली सगळ्यात महत्त्वाची डायरी तीच.

दहा जणांची टक्केवारीही काढू नये. ‘७० टक्के’ लिहिण्यापेक्षा ‘दहापैकी सात’ लिहावं, वाचणाऱ्याची फसगत होत नाही.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असंही नाही. जास्त मोबाइल पाहणाऱ्यांची झोप कमी असते, समजा असं आढळलं. मोबाइलमुळे झोप गेली, की झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात घेतला? की परीक्षेच्या धास्तीनं दोन्ही झालं? एकदाच घेतलेल्या सर्वेक्षणातून हे ठरत नाही. म्हणून ‘परिणाम’ हा शब्द शीर्षकातून काढून ‘संबंध’ लिहिणं, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी सुधारणा आहे.

सांख्यिकीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, उदाहरणार्थ जामोवी किंवा जास्पमध्ये, एका क्लिकवर वीस चाचण्या होतात. त्यांतून ‘लक्षणीय’ असा शेरा मिळतो. याचा अर्थ इतकाच की खरा फरक नसताना इतका फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता ठरलेल्या मर्यादेपेक्षा, बहुधा ५ टक्क्यांपेक्षा, कमी आहे. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर काहीच खरं नसतानाही एखादी तरी लक्षणीय निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून काय तपासायचं ते माहिती गोळा करण्याआधीच लिहून, तारीख घालून मार्गदर्शकांकडे द्यावं.

‘काहीच फरक आढळला नाही’ तर गुण जातील का?

जाऊ नयेत. मुला-मुलींच्या वेळेत फरक दिसला नाही, तर तेही उत्तरच आहे, आणि कदाचित जास्त कुतूहलाचं. पण आधी तपासायचं: परीक्षेच्या आठवड्यात मुलींना घरून सूट मिळते का? की डायरी भरताना शेजारी मैत्रिणी बसल्या होत्या म्हणून सगळ्यांनी एकसारखं लिहिलं? गृहीतक, म्हणजे आधी बांधलेला अंदाज, खोटा ठरला तर प्रकल्प फसला असं मानणारे परीक्षक आजही भेटतात. ही समजूत फार नुकसान करते, कारण आकडे वाकवण्याचा मोह इथूनच सुरू होतो.

आणि तो मोह खरा आहे. सबमिशनला चार दिवस उरले की होस्टेलच्या खोलीत बसून उरलेले चाळीस फॉर्म दोघं-तिघं भरून टाकतात. ते ओळखू येतात: सलग बारा उत्तरं ‘सहमत’, एका मिनिटात तीन फॉर्म, सगळी वयं २० किंवा २१, कुणाचंच उत्तर अर्धवट नाही. खरी माणसं अशी नसतात. ती एक प्रश्न सोडतात, समासात काहीतरी खरडतात, स्वतःच्याच आधीच्या उत्तराला छेद देतात. आता एआयकडून शंभर खोटी उत्तरं आणि अस्तित्वातच नसलेल्या संदर्भांची यादीही मिळते. भाषा नीट करायला एआयची मदत घ्यावी, आणि घेतली असं लिहावं. पण प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिलेला असावा. चाळीसऐवजी बावीस खरे फॉर्म जमले असतील तर ‘बावीस’ लिहावं.

साठ तास कसे वाटायचे?

एक चालणारा हिशेब असा: प्रश्न ठरवणं आणि वाचन १२ तास, डायरीचा नमुना आणि परवानग्या ८, पथदर्शी चाचणी ५, माहिती गोळा करणं १५, ती भरणं-तपासणं ८, लेखन १२. परवानगीचं पत्र टेबलावरून टेबलावर फिरायला दोन-तीन आठवडे जातात, ते या तासांत नाहीत, म्हणून ते सगळ्यात आधी द्यावं. मूळ कागद निकाल लागेपर्यंत जपून ठेवावेत. तोंडी परीक्षेला ते सोबत असले की बोलणं सोपं जातं.

एक काम या साठ तासांच्या बाहेरचं आहे. ज्यांनी डायऱ्या भरल्या त्यांना निष्कर्ष परत सांगायचे. एका पानावर, मराठीत, आलेख असेल तर एकच. नावं, गावं काही नाही. वर्गातल्या फलकावर ते पान लावलं की मुलं-मुली त्याच्यापुढे थांबतात आणि बोलायला लागतात. ‘पाणी भरणं यात धरलंय का?’ असं कुणीतरी विचारतं. धरलं नसेल, तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यासाठी तेवढं यादीत लिहून ठेवायचं.